तेलाची वाट : बोटीच्या इंजिनातील तेलशीतक आणि गाळणी

पिंगुळी म्हटले की चित्रकथी आठवतात. एक चित्र समोर धरायचे, त्याची कथा सांगायची, मग पुढचे चित्र. गाव समुद्रावर नाही; पण मालवण, निवती, वेंगुर्ले जवळच आहेत, आणि कुडाळ परिसरातल्या वर्गांत एखादा तरी असा विद्यार्थी भेटतो की ज्याच्या मामाचा ट्रॉलर आहे. पावसाळी मासेमारीबंदीत इंजिने उघडली जातात, तेव्हा हा विद्यार्थी विचारतो, "मामाच्या बोटीत इंजिनाच्या तेलालाही पाण्याचा पाइप कशाला?" या एका प्रश्नाच्या उत्तरात नववी-दहावीचे बरेच पदार्थविज्ञान येऊन जाते. चित्रकथीच्या पद्धतीनेच आपण तेलाची वाट एकेक टप्प्याने पाहू.

प्रथम, ट्रकला जे चालते ते बोटीला का चालत नाही? आंबोलीचा घाट चढताना ट्रकचे इंजिन तापते, पण माथा गाठला की त्याला उसंत मिळते. समुद्रात उतार नसतो. पंखा तासन् तास पाणी कापत राहतो, आणि फेरे दुप्पट करायचे तर इंजिनाला सुमारे आठपट शक्ती द्यावी लागते, कारण शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेगवान बोटीचे इंजिन त्यामुळे सतत आपल्या क्षमतेच्या टोकाजवळ राबते. शिवाय ते बोटीच्या पोटात बंद असते; ट्रकच्या तेलपात्राला खालून लागणारा वारा त्याला मिळत नाही.

तेलाचे काम केवळ वंगणाचे नाही. दट्ट्याच्या तळाची आणि बेअरिंगची उष्णता तेलच वाहून आणते. ते फार तापले तर पातळ होते. बाजारातल्या १५डब्ल्यू-४० तेलाची विष्यंदिता ४० अंश सेल्सिअसला १०० ते ११५ सेंटिस्टोक असते, तर १०० अंशाला ती जेमतेम १५ भरते. पातळ तेलाचा बेअरिंगमधला काही मायक्रॉन जाडीचा पडदा फाटला की धातू धातूला घासतो. तेल लवकर खराबही होते. दर १० अंशांमागे त्याचा ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो. उलट तेल फार थंड राहिले तर त्यात साचलेली वाफ उडून जात नाही. म्हणून ९० ते ११० अंश ही मर्यादा बरी, आणि चांगल्या शीतकाच्या वाटेवर तेल तापेपर्यंत त्याला वळसा देणारी उष्णतानियंत्रित झडपही असते.

(वर्गात दाखवण्यासाठी : दोन उंच बाटल्यांत इंजिनाचे तेल भरा. एक बर्फाच्या पाण्यात, दुसरी गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, आणि दोन्हींत सायकलचा एकेक छर्रा सोडून घड्याळ लावा. खोबरेल वापरू नका. ते गार होता होता गोठते, आणि मग तुम्ही वेगळाच धडा शिकवत बसाल.)

आता वाट. तेलपात्रातले तेल जाळीतून पंपात येते. पंपाजवळची दाबझडप दाब मर्यादेबाहेर गेल्यास तेल परत पात्रात सोडते. पुढे शीतक, मग गाळणी, मग मुख्य वाहिनी आणि बेअरिंगे. काही इंजिनांत गाळणी आधी असते, कारण गरम तेल कागदातून सहज जाते. मला मात्र शीतक आधी हाच क्रम पटतो. शीतकाच्या नळ्यांत जुना गाळ किंवा जोडकामाचा कण राहिला असेल, तर तो बेअरिंगपर्यंत जाण्याआधी गाळणीत अडकतो. एकदा बेअरिंग जळालेल्या इंजिनाचा शीतक पुन्हा बसवताना तर हे विसरू नये. त्यातला धातूचा चुरा धुऊनही पूर्ण निघत नाही.

शीतक म्हणजे नळ्यांचा जुडगा. आतून पाणी, बाहेरून तेल. तेलाची उष्णतावाहकता पाण्याच्या जेमतेम पाव असल्यामुळे त्याला आडव्या पडद्यांमधून नागमोडी फिरवतात. समुद्राचे पाणी नळीच्या आतून नेण्याचे व्यावहारिक कारण असे की सळई घालून नळी साफ करता येते. नळ्या तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या असतात, आणि शेजारी जस्ताचा तुकडा बसवतात; खाऱ्या पाण्यात तो स्वतः झिजतो आणि नळ्या वाचतात. आकडे पाहू. समजा, तेलातून ६ किलोवॉट उष्णता काढायची आहे आणि मिनिटाला ४० लिटर तेल वाहते, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.५८ किलो. तेलाची विशिष्ट उष्णता किलोला सुमारे २ किलोज्यूल धरली, तर तापमान एका फेरीत ५ अंशांनी उतरते. फेरा सतत चालू असल्यामुळे एवढे पुरते.

खरे घोळ होतात ते जोडणीत. गाळणी बदलायला सोपी जावी म्हणून ती इंजिनापासून दूर बसवतात आणि दोन रबरी नळ्या ओढतात. नळीचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा होतो. फ्रान्सच्या प्वाझोयने १८४० च्या सुमारास मांडलेला हा नियम. म्हणून घरात पडून असलेली बारीक नळी चालवून घेऊ नये. शेतीपंपाची नळी तर नकोच. तेल सोसणारी, तारेच्या विणीची, दाबून बसवलेल्या टोकांची नळी हवी, आणि इंजिन हलते म्हणून तिला थोडी ढील हवी.

दुसरा घोळ अधिक घातक. फिरवून बसवायच्या गाळणीत तेल बाहेरच्या भोकांच्या वर्तुळातून आत जाते आणि मधल्या भोकातून बाहेर येते. नळ्या उलट जोडल्या तर परत वाहणे रोखणारा रबराचा पडदा बाहेरची भोके बंद करतो. गाळणीतली आडवाट-झडप एरवी कागद तुंबला की सुमारे १ किलो दाबफरकाला उघडते, कारण न मिळालेल्या तेलापेक्षा मळके तेल बरे. पण उलट दिशेने तीही उघडत नाही. पंप तेल दाबत राहतो, दाबझडप ते पात्रात सोडते, आणि बेअरिंगे कोरडी! दाबमापक गाळणीच्या आधी लावलेला असेल तर काटा मजेत ४ किलो दाखवतो. म्हणून तो मुख्य वाहिनीवरच हवा.

आता पाणी आणि तेल यांच्यामधली नळी फुटली असे समजा. इंजिन चालू असताना तेलाचा दाब ३ ते ५ किलो, पाण्याचा १ पेक्षा कमी; म्हणून तेल समुद्रात जाते आणि एक्झॉस्टच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. इंजिन थांबले की तेलाचा दाब शून्य. शीतक जलपातळीखाली अर्धा मीटर असेल तर तेवढ्या ०.०५ किलो दाबानेही खारे पाणी हळूहळू तेलात शिरते. बोट रात्रभर नांगरलेली असेल तर त्याला भरपूर वेळ मिळतो. म्हणून इंजिन बंद केल्यावर समुद्राच्या पाण्याचा कोक बंद करतात, आणि पहाटे इंजिन चालू करण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहतात. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर त्या दिवशी बोट बंदरातच राहते.