नर्मदेचा महासीर

महासीर हा बार्बेलच्या कुळातील, मुखाशी मिशांच्या दोन जोड्या असलेला मासा होय. नर्मदाकाठी त्यास ‘बाडस’ म्हणतात. स्वच्छ, वाहते पाणी व खडकाळ तळ त्यास मानवतो. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून तो गोट्यांच्या उथळ पात्रात अंडी घालतो. धरणांमुळे वाहत्या पात्राचे जलाशय झाले आणि ही वाट खुंटली. मध्य प्रदेश शासनाने २०११ मध्ये त्यास राज्यमत्स्य घोषित केले.

१६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननकाळात राज्यातील नद्यांवर मासेमारी बंद असते. सुरुंग अथवा विष वापरणे तर १८९७ च्या मत्स्य अधिनियमापासूनच गुन्हा आहे. गळाने धरलेली अंडीभरली मादी जिवंत सोडता येते. सुरुंग मात्र पिलांसह संपूर्ण डोह निर्जीव करतो.