सोळाव्या दिवसापासूनचा हिशेब

मी मोडीतल्या जुन्या चोपड्या वाचते. मोडी स्वतःच शिकले. खर्च मांडून ठेवायची सवय त्या चोपड्यांनीच लावली. गेल्या वर्षी ८१ वर्षांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा तिच्या खर्चाचीही वही घातली. रुग्णालयातल्या अकरा दिवसांपुढे त्या वहीत जवळजवळ काहीच नाही. आयुष्मान वय वंदना कार्डावर सगळं भागलं. पुढची पानं मात्र गच्च भरलेली आहेत.

असं का, हे शोधायला मी शासनाचे कागद वाचायला बसले. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धनत्रयोदशीला सुरू झाली. वयाची सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. तिला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. त्या अकरा दिवसांत तिनेच आम्हाला तारलं. पण तिची सगळी मांडणी पॅकेजवर आहे : आजाराचं नाव, त्याचा ठरलेला दर, भरती, डिस्चार्ज. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या काळातली औषधं-तपासण्या तिच्यात बसतात. सोळाव्या दिवशी योजनेच्या लेखी विषय संपतो.

आईचा तिथून सुरू झाला. उजवी बाजू लुळी, नाकातून नळी. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नळीतून पातळ पेज द्यायची, अंग पुसायचं. या कामाला आजाराचं नाव नाही, म्हणून पॅकेजही नाही. ब्युरोकडून मावशी आणली, दिवसपाळीचे ७०० रुपये. डायपर आणि फिजिओथेरपी धरून महिना २९ हजारांवर गेला. हवेची गादी वेगळी. भाऊ पुण्याहून पैसे पाठवतो. मी शाळेतली अर्धवेळ नोकरी सोडली. रात्रपाळी माझी, तिला अजून कुणी दर लावलेला नाही.

पावसाळ्यात पेज श्वासनलिकेत जाऊन तिच्या छातीत संसर्ग झाला. पुन्हा भरती आणि पुन्हा कार्ड चालू! आरोग्यमित्राला मी विचारलं, "घरी नीट बघायला माणूस ठेवला, तर ही वेळ कमी वेळा येईल ना? त्याचे पैसे कशातून मिळतात?" बिचारा ओशाळून म्हणाला, "काकू, पेशंट ॲडमिट असेल तरच पोर्टलवर दिसतो." म्हणजे निष्काळजीपणाने ओढवलेल्या न्यूमोनियाचे पैसे मिळतील, तो टाळण्याचे नाहीत. माझ्या मते योजनेतली खरी गफलत हीच.

२००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा सांभाळाचा भार मुलांवर आणि वारसांवर टाकतो. न्यायाधिकरण दरमहा जास्तीत जास्त १० हजार रुपये देववू शकतं, तेही मुलांच्याच खिशातून. मुलं सांभाळायला तयार आहेत पण पुरी पडत नाहीत, अशा घरांना त्या कायद्यातून पैसा मिळत नाही.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना वाटतं, तिथे सरकार सगळं बघतं. तिथलं मेडिकेअर रुग्णालयानंतरच्या कुशल शुश्रूषेसाठी फार तर १०० दिवस पैसे देतं. दीर्घकालीन सांभाळाचा खर्च उचलतं ते मेडिकेड, म्हणजे मुळात गरिबांसाठीची योजना. त्यासाठी आधी गरीब व्हावं लागतं : अनेक राज्यांत एकट्या माणसाकडे, राहतं घर सहसा वगळून, २,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता चालत नाही. नर्सिंग होमसाठी अर्ज केला की मागच्या पाच वर्षांत कुणाला काय देऊन टाकलं तेही तपासतात. शिवाय मृत्यूनंतर मागे उरलेल्या मालमत्तेतून, पुष्कळदा घरातूनच, वसुली होते.

मला जास्त रस वाटला तो जर्मनी आणि जपानमध्ये. जर्मनीने १९९५मध्ये आणि जपानने २००० साली सांभाळाचा विमाच आरोग्यविम्यापासून वेगळा काढला. दोन्हीकडे कोणता आजार आहे यापेक्षा माणसाला रोजच्या कामांत किती आधार लागतो, हे मोजतात. जपान सेवा देतो, घरच्यांना रोख रक्कम देत नाही. जर्मनीत रोख रक्कमही घेता येते, आणि काही अटींवर घरी शुश्रूषा करणाऱ्या मुलीच्या पेन्शनचे हप्ते तोच विमा भरतो. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

इतक्या लांब जायचं नसेल तर केरळ आहे. २००८च्या धोरणानंतर तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. जखम बघतात, नळी बदलतात, घरच्यांना शिकवतात. आमच्या गावात नळी बदलायची तर आईला रिक्षात आडवं घालून न्यावं लागतं.

दिवाळीपासून मी वहीत एक रकाना वाढवला आहे, रात्रपाळीचा. सध्या त्यात मावशीचाच दर लिहिते.