दुखापतीनंतर पुन्हां कामावर

कारखान्यांत किंवा कचेरींत काम करणाऱ्या मनुष्यास दुखापत झाली, म्हणजे घरांतील मंडळींच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो जिवाचा. तो धोका टळला कीं दुसरा प्रश्न पुढें उभा राहतो: आतां हा कामावर जाणार केव्हां? पहिल्या प्रश्नाचें उत्तर वैद्यक देतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र पुष्कळ काळपर्यंत कोणी विचारपूर्वक दिलेंच नव्हतें. ‘पूर्ण बरें वाटेपर्यंत निजून रहा,’ असें डॉक्टर सांगत. ‘पूर्ण बरा झाल्यावांचून येऊं नकोस,’ असें मालक सांगे. आणि ‘एवढी घाई कशाला?’ असें घरचीं माणसें म्हणत. तिघांचाहि हेतु चांगला. परंतु तिघांच्या सांगण्याचा परिणाम पुष्कळदां असा होई, कीं महिन्याची रजा वर्षाची होई आणि वर्षाची कायमची. गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाचा शास्त्रीय रीतीनें अभ्यास झाला असून त्याचे निष्कर्ष प्रत्येक कुटुंबानें जाणून घेण्यासारखे आहेत.

धंदा आणि दुखणें यांचा संबंध असतो ही जाणीव जुनी आहे. इटलींतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानें १७०० सालीं निरनिराळ्या धंदेवाल्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रोग्याला ‘तुझा धंदा कोणता?’ हा प्रश्न अवश्य विचारावा असें वैद्यांस बजावलें. पुढें यंत्रयुग आलें, अपघात वाढले आणि कायदे झाले. जर्मनींत १८८४ सालीं अपघात-विम्याचा कायदा झाला, इंग्लंडांत १८९७ सालीं नुकसानभरपाईचा, आणि हिंदुस्थानांत तसाच कायदा १९२३ सालीं झाला. या सर्व कायद्यांनीं मोठें काम केलें यांत शंका नाहीं. परंतु त्यांचा मुख्य रोख, गेलेल्या बोटाची किंवा बुडालेल्या मजुरीची किंमत किती, या प्रश्नाकडे होता. बोट गेलेला मनुष्य पुन्हां हातोडा कसा धरील, हा प्रश्न मागेंच राहिला.

पाठदुखीचें उदाहरण घ्यावें. ओझीं उचलणारा हमाल, यंत्रापुढें वांकून उभा राहणारा कामगार, रुग्णांस उठवून बसविणारी परिचारिका, दिवसभर खुर्चींत बसणारा कारकून, या सर्वांच्या वांट्याला येणारें हें दुखणें. यावर पूर्वापार उपाय म्हणजे अंथरुणावर निजून राहणें. हा उपाय इतका सर्वमान्य होता, कीं तो तपासून पाहावा असें फारसें कोणास वाटलें नाहीं. अमेरिकेंतील रिचर्ड डेयो व त्यांचे सहकारी यांनीं तो तपासला आणि १९८६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनीं पाठदुखीच्या २०३ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दोन गट पाडले. एका गटास दोन दिवस निजून राहण्यास सांगितलें, दुसऱ्यास सात दिवस. दुखणें बरें होण्याच्या बाबतींत दोहोंत कांहीं फरक दिसला नाहीं. मात्र दोन दिवसांच्या गटाचे कामाचे खाडे शेंकडा ४५ नीं कमी झाले.

यापुढचें पाऊल फिनलंडांत टाकलें गेलें. हेलसिंकी शहराच्या नोकरींतील १८६ माणसांचे तीन गट करण्यांत आले. पहिल्या गटास दोन दिवस विश्रांति, दुसऱ्यास पाठीचा हलका व्यायाम, आणि तिसऱ्यास केवळ एवढेंच सांगण्यांत आलें, कीं दुखणें सोसवेल तितपत नेहमींचे व्यवहार चालूं ठेवावेत. १९९५ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सर्वांत चांगली प्रगति तिसऱ्या गटाची झाली आणि सर्वांत मंद पहिल्या गटाची.

असें कां व्हावें? याचीं कारणें दोन. पहिलें शरीराचें. न वापरलेला स्नायु लवकर दुबळा होतो, सांधे आंखडतात, आणि मग थोड्या हालचालीनेंहि अधिक दुखूं लागतें. दुसरें कारण मनाचें, आणि तें अधिक खोल आहे. अंथरुणावर पडलेला मनुष्य दुखण्याचाच विचार करीत राहतो. हललों तर कांहीं तरी मोडेल अशी भीति त्याच्या मनांत घर करते. भीतीमुळें तो हालचाल टाळतो, टाळल्यामुळें अंग दुबळें होतें आणि दुबळेपणामुळें भीति खरी वाटूं लागते. शिवाय काम म्हणजे केवळ पगार नव्हे. सकाळीं उठण्याचें निमित्त, चार सोबती, घरांतील मान आणि ‘मी उपयोगी आहें’ ही भावना, हें सर्व कामाबरोबर येतें आणि कामाबरोबरच जातें.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. हे प्रयोग साध्या पाठदुखीचे आहेत. पडल्यानें हाड मोडलें असेल, ताप असेल, पायांतील शक्ति जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर क्षणाचाहि विलंब न करतां डॉक्टरकडे गेलें पाहिजे. हालचाल हितकर याचा अर्थ दुखापतीकडे दुर्लक्ष हितकर, असा नाहीं.

मनुष्याची समजूत बदलली तर दुखण्याचा मार्गहि बदलतो, हें आस्ट्रेलियांत दिसून आलें. तेथील व्हिक्टोरिया प्रांतांत १९९७ सालापासून दूरचित्रवाणीवर जाहिराती देऊन, पाठ दुखली तरी निजून राहूं नका, हिंडतेफिरते रहा, असें लोकांस सांगण्यांत आलें. शेजारच्या न्यू साउथ वेल्स प्रांतांत अशी मोहीम नव्हती, म्हणून दोन्ही प्रांतांची तुलना करतां आली. व्हिक्टोरियांत सामान्य जनतेच्या व डॉक्टरांच्याहि समजुतींत सुधारणा झाली आणि पाठदुखीबद्दल मागण्यांत येणारी भरपाईहि कमी झाली. शेजारीं तसें झालें नाहीं.

परंतु कामगारानें धीर धरला आणि काम मात्र जसेंच्या तसें राहिलें, तर काय उपयोग? ज्या उंच फळीवरून पेटी काढतांना पाठींत उसण भरली, त्याच फळीपाशीं तो पुन्हां उभा राहणार. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत शेरब्रूक येथें पॅट्रिक लुआझेल या शल्यवैद्यानें हा प्रश्न हातीं घेतला. चार आठवड्यांहून अधिक काळ कामास मुकलेले १३० कामगार निवडण्यांत आले. कांहींना नेहमींचे उपचार, कांहींना विशेष वैद्यकीय उपचार, कांहींच्या कामाच्या जागेंत सुधारणा, आणि कांहींना या दोन्ही गोष्टी मिळाल्या. जागेंत सुधारणा करण्याची रीत साधी होती. स्वतः कामगार, त्याचा मुकादम, व्यवस्थापकांचा व संघटनेचा प्रतिनिधि आणि कामाच्या रचनेचा जाणकार, एवढे जण प्रत्यक्ष जागेवर जमत, काम पाहत आणि काय बदलावें तें ठरवीत. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, दोन्ही गोष्टी मिळालेले कामगार नेहमींचे उपचार मिळालेल्यांपेक्षां सुमारें २.४ पट वेगानें आपल्या मूळ कामावर परतले. यांत कामाच्या जागीं झालेल्या सुधारणेचा वांटा मोठा होता. बरें करण्याचें काम केवळ रुग्णालयांत होत नाहीं, तें कारखान्यांतहि होतें, हा यांतला बोध.

याच देशांत टोरांटो येथें १९९० सालीं काम व आरोग्य यांच्या अभ्यासासाठीं एक स्वतंत्र संस्था निघाली. जगांतील अनेक संशोधनें एकत्र तपासून या संस्थेनें २००७ सालीं सात तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांतील तीन विशेष ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. पहिलें, मालकानें किंवा वरिष्ठानें पहिल्या एकदोन आठवड्यांतच दुखापत झालेल्या मनुष्याची आपुलकीनें विचारपूस करावी. ‘केव्हां येतोस?’ असा तगादा नव्हे, तर ‘कसा आहेस, आम्हांला तुझी आठवण आहे,’ एवढेंच. दुसरें, त्याला झेपेल असें बदललेलें काम कांहीं काळ द्यावें. तिसरें, हें करतांना त्याच्या सोबत्यांवर भार लादूं नये. नाहीं तर जड कामें अंगावर पडलेले सोबती कुरकुरतात आणि परतलेल्या बिचाऱ्यास आपण चोर आहों असें वाटूं लागतें.

या विषयाची दुसरी बाजूहि झांकून ठेवतां कामा नये. ‘लवकर कामावर’ हें तत्त्व लोभी मालकाच्या हातीं पडलें, तर तें शस्त्र होतें. भरपाई वांचावी किंवा अपघात वहींत दिसूं नये म्हणून जखमी मनुष्यास आणून नुसतें बसवून ठेवणें, ही सुधारणा नव्हे. तसेंच प्रत्येक आजाऱ्याकडे संशयानें पाहणें आणि कागदांमागून कागद मागणें, यानेंहि माणूस खचतो आणि दुखणें लांबतें. या विषयावर जीं संशोधनें कामगारांशीं प्रत्यक्ष बोलून झालीं, त्यांचें सार एवढेंच निघालें, कीं परस्परांवर विश्वास असेल तेथें परतणें सोपें होतें. विश्वास नसेल तेथें उत्तम योजनाहि पांगळी पडते.

आपल्या देशांत कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ सालीं झाला. डोक्यावर व पाठीवर ओझीं वाहणाऱ्या माथाडी व हमाल कामगारांसाठीं महाराष्ट्रानें १९६९ सालीं स्वतंत्र कायदा केला. मुंबईंत हाजी अलीजवळ पुनर्वसनासाठीं एक अखिल भारतीय संस्था १९५५ सालापासून काम करीत आली आहे. अपंगांच्या हक्कांसंबंधींच्या २०१६ च्या कायद्यांत असें कलम आहे, कीं नोकरींत असतांना अपंगत्व आलेल्या मनुष्यास सरकारी आस्थापनेनें काढून टाकूं नये किंवा खालच्या दर्जावर उतरवूं नये. पहिलें काम झेपत नसेल तर त्याच पगाराचें दुसरें द्यावें. मात्र शेतमजूर, बांधकामावरील बिगारी, घरोघर धुणींभांडीं करणारी बाई यांच्यापर्यंत अशा संरक्षणाचा हात क्वचितच पोहोंचतो.

आणि येथेंच सुशिक्षित कुटुंबांचा या विषयाशीं थेट संबंध येतो. कामावर येणाऱ्या बाईचा हात भाजला किंवा पाय मुरगळला, तर त्या घरापुरती मालकीण हीच तिची मालक. आठ दिवसांत दुसरी बाई ठेवणें सोपें आहे. परंतु तिची चौकशी करणें, तिचा पगार चालूं ठेवणें, ती आल्यावर कांहीं दिवस बादल्या न उचलतां होईल तेवढेंच काम तिला सांगणें, यांत वर सांगितलेल्या तीन तत्त्वांपैकीं पहिलीं दोन आपोआप पाळलीं जातात. घरांतील कर्त्या पुरुषास किंवा नोकरी करणाऱ्या सुनेस दुखापत झाली तरी रीत हीच. त्यांना अंथरुणाला खिळवून ठेवणारी माया आंवरावी, ढकलून बाहेर काढणारी घाईहि आंवरावी, आणि डॉक्टरांस एक प्रश्न आवर्जून विचारावा: ‘काय करूं नये’ हें तर आपण सांगितलेंत; आतां काय काय करतां येईल तें सांगा. परतीची वाट पुष्कळदां या एका प्रश्नापासून सुरू होते.