भिंग की आरसा?

मुलांना एखादी दुर्बीण घेऊन द्यावी, असे अनेक पालकांच्या मनात येते. विचार स्तुत्य आहे. परंतु घाईने घेतलेली दुर्बीण चार रात्रींत माळ्यावर जाते आणि तिच्यामागोमाग मुलांचे कुतूहलही विरून जाते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दुर्बिणीचे दोन मुख्य प्रकार वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली दुर्बीण भिंगाची. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चंद्र पाहिले ते हिच्यातूनच. मात्र साध्या भिंगातून जाताना प्रकाशातील रंग एकाच बिंदूत मिळत नाहीत. त्यामुळे चंद्राच्या कडेला जांभळट किनार दिसते. दोन निरनिराळ्या काचांचे जोडभिंग वापरून हा दोष पुष्कळ कमी करता येतो. न्यूटनने १६६८ मध्ये वेगळाच मार्ग धरला. आरसा सर्व रंग सारखेच परावर्तित करतो, हे जाणून त्याने भिंगाऐवजी अंतर्वक्र आरसा योजला आणि जेमतेम वीतभर लांबीची दुर्बीण सिद्ध केली. हीच आरशाच्या दुर्बिणीची परंपरा.

या दोहोंत एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे समजण्याचे कारण नाही. डब्लिनच्या ग्रब कारखान्याने पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेसाठी २० इंची दुर्बीण बनविली ती आरशाची, तर हैदराबादच्या निजामिया वेधशाळेसाठी १५ इंची दुर्बीण बनविली ती भिंगाची. काम पाहून साधन निवडावे, हेच खरे.

घरगुती खरेदीत पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. जोडभिंगाचे चार पृष्ठभाग घासावे लागतात आणि काच आतूनही निर्दोष असावी लागते. आरशाचा एकच पृष्ठभाग अचूक असला की पुरते. त्यामुळे तेवढ्याच पैशांत आरसा मोठा मिळतो. ६० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा १२० मिलिमीटरचा आरसा सुमारे चौपट प्रकाश गोळा करतो. चंद्राची विवरे व शनीची कडी दोन्हींतून दिसतील. परंतु मृगातील तेजोमेघ वा शौरीतील तारकागुच्छ यांचे खरे वैभव मोठ्या आरशातच अधिक खुलते.

तथापि आरसा निगा मागतो. नळी उघडी असल्याने धूळ आत जाते, हलविताना आरशांची मांडणी बिघडते व ती पुन्हा जुळवावी लागते. वर्षांमागून वर्षे जाता ॲल्युमिनियमचा मुलामाही मंदावतो. भिंगाची दुर्बीण बंद नळीची असल्याने बाहेर काढताच बहुधा कामास लागते. मात्र गोव्यासारख्या दमट प्रदेशात भिंगांवर बुरशी धरते. दंव पडलेली दुर्बीण पुरती वाळल्याखेरीज पेटीत बंद करू नये.

दोन्ही प्रकारांना लागू असलेल्या तीन गोष्टी मात्र विसरू नयेत. खोक्यावर छापलेल्या ‘पाचशे पट’ अशा आकड्यांना भुलू नये. उत्तम हवेतही दर मिलिमीटर व्यासामागे सुमारे दोन पट ही वर्धनाची मर्यादा होय. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीस १२० पट. दुसरे, तिपाई भक्कम हवी. डगमगत्या तिपाईवरील उत्तम दुर्बीणही निरुपयोगी ठरते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: दुर्बिणीतून सूर्याकडे कदापि पाहू नये, क्षणात दृष्टी जाऊ शकते. नळीच्या तोंडावर बसणारे योग्य गाळण असल्याखेरीज हा मोह टाळावा. नेत्रिकेत बसविण्याची काळी काच उष्णतेने तडकू शकते. ती सोबत आली असल्यास फेकूनच द्यावी.

आमचे मत विचाराल तर, शहराच्या उजळ आकाशाखाली गच्चीवरून चंद्र व ग्रह पाहणाऱ्या कुटुंबाने, विशेषतः जेथे मुले स्वतः दुर्बीण हाताळणार आहेत तेथे, लहानशी परंतु भक्कम भिंगाची दुर्बीण घ्यावी. ज्यांना गावाकडचे काळोखे आकाश लाभते आणि आरशाची निगा राखण्याची हौस आहे, त्यांनी लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण निवडावी. निर्णय दुकानदाराच्या हाती न सोडता घरातील सर्वांनी बसून घ्यावा. कारण जी दुर्बीण दर अमावास्येस बाहेर निघते, तीच त्या घराची उत्तम दुर्बीण.