तार तुटायची वाट कशाला?

रॅकेटचं गटिंग कधी बदलता, असं टेनिस खेळणाऱ्या कुणालाही विचारा. ‘तुटलं की’, असंच उत्तर बहुधा मिळेल. खरं तर तार तुटण्याच्या पुष्कळ आधीच कामातून गेलेली असते.

गट म्हणजे आतडं. गाईच्या आतड्यापासून केलेल्या तारा आजही मिळतात. ताण धरून ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण त्या महाग आणि पाण्याला नाजूक. म्हणून आपल्या रॅकेटवर असतं नायलॉन, नाहीतर पॉलिएस्टर. १९९७ साली ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेननं पॉलिएस्टरच्या तारा लावून फ्रेंच ओपन जिंकली आणि मग या ताठ तारांचा बोलबाला झाला.

चेंडू लागला की उभ्या तारा किंचित सरकतात आणि झटकन जागेवर येतात. त्या झटक्यानं चेंडूला फिरकी मिळते. मात्र आडव्या तारांवर घासून घासून त्यांना खाचा पडतात. खाच खोल झाली की तार तिथंच अडकते, फिरकी कमी होते. शिवाय ५५ पाउंडांवर ताणून आणलेल्या रॅकेटचा ताण पहिल्याच दिवसापासून उतरू लागतो. रॅकेट नुसती खुंटीला टांगून ठेवली तरीही! उन्हात बंद गाडीत ठेवली तर आणखी लवकर. यात पॉलिएस्टर सगळ्यात पुढे.

मग काय होतं? चेंडू रेषेबाहेर जाऊ लागतात. खेळाडूला वाटतं, आपलाच हात बिघडला. तो फटका बदलतो, जास्त जोर लावतो. ताठ तारांची लवचीकता आधीच गेलेली, त्यामुळे हादरा थेट कोपराला. टेनिस एल्बोला चुकीचा बॅकहँड किंवा बेताची नसलेली मूठ अशी इतर कारणंही असतात. पण जुनं पॉलिएस्टर त्यात भर घालतं.

म्हणूनच, ‘लवकर तुटत नाही’ म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या रॅकेटला पॉलिएस्टर लावून घेणाऱ्या पालकांची काटकसर मला पटत नाही. कोवळ्या हाताला मऊ नायलॉनच बरं. तुटलं तर तुटू द्या.

नायलॉनसाठी जुना हिशोब सोपा आहे : आठवड्यातून जितके दिवस खेळता, तितक्या वेळा वर्षातून गटिंग बदला. तीन दिवस खेळणाऱ्यानं तीनदा. पॉलिएस्टरला ही सवलत नाही. नियमित खेळणाऱ्यानं १५-२० तासांच्या खेळानंतर ते काढावं. गटिंग केल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून दांड्याजवळ लावा, म्हणजे आठवणीवर विसंबायला नको.

आणि एखादी तार तुटलीच, तर उरलेल्या तशाच ठेवू नका. एकीकडे ताण, एकीकडे ढिलाई, यानं चौकट वाकू शकते. लगेच कात्री घ्या आणि मधल्या तारांपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला कापत जा.