आकाशाला टांगलेली खाट

गेल्या पावसाळ्यात आबांचं खुब्याचं हाड मोडलं. गावाहून कोल्हापूरपर्यंत रुग्णवाहिकेत मी त्यांचा हात धरून बसलो होतो. दर खड्ड्याला ते कळवळत. मध्येच म्हणाले, "तू हेच शिकवतोस न्हवं पोरांना?" नियंत्रणशास्त्र शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली; पण त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. ते इथे मांडतो.

गाडीचा एकच कोपरा डोळ्यांसमोर आणा. वर सांगाड्याचं वजन, खाली चाक, मध्ये स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर. चाकाखालचा टायर हीसुद्धा एक ताठ स्प्रिंगच. सांगाडा सेकंदाला एक-दीड वेळा हेलकावतो, चाक दहा-बारा वेळा थरथरतं. शॉकॲब्सॉर्बर घट्ट ठेवला तर हेलकावे लवकर थांबतात, पण खडीचा प्रत्येक दणका वर पोचतो. सैल ठेवला तर गाडी होडीसारखी डुलत राहते. कारण त्याचं खालचं टोक चाकालाच बांधलेलं असतं.

ते टोक आकाशाला बांधलं तर? अमेरिकेतील डीन कार्नोप आणि सहकाऱ्यांच्या 1974च्या निबंधामुळे ही 'स्कायहुक' कल्पना प्रसिद्ध झाली. आकाशात खुंटी नसते. पण सांगाड्याचा वेग मोजून त्याच्या उलट दिशेने, त्या प्रमाणात बल लावलं की परिणाम जवळपास तोच मिळतो. हे बल पंप किंवा विद्युत मोटर पुरवते. 1992 साली नायजेल मॅन्सेल सक्रिय सस्पेन्शन असलेल्या विल्यम्स गाडीतून फॉर्म्युला वनचा विजेता झाला. 1994पासून तिथे या यंत्रणेवर बंदी आली.

मग साऱ्याच गाड्या अशा का नाहीत? वजन आणि किंमत ही कारणं आहेतच. पण एक अडथळा गणिताचा आहे. मोटर सांगाड्याला जेवढं वर ढकलते, तेवढंच चाकाला खाली दाबते. दोघांच्या गतीची समीकरणं मिळवली की हे बल खोडलं जातं. उरतो फक्त टायरचा रेटा. 40 किलोचं चाक आणि मिलिमीटरला 200 न्यूटन ताठरपणाचा टायर धरा. सेकंदाला सुमारे 11 कंपनांच्या ठिकाणी चाकाचं जडत्व आणि टायरचा ताठरपणा एकमेकांना नेमके छेदतात. टायरमधलं घर्षण नगण्य मानलं, तर रस्त्याच्या एका मिलिमीटर उंचवट्यामागे 200 न्यूटन सांगाड्यावर येणारच. नियंत्रक कितीही हुशार असो, तो हा आकडा बदलू शकत नाही. बदलू शकतो तो टायर, नाहीतर रस्ता.

तरीही एक वाट राहते. हे बंधन सांगाड्यावर आहे, सांगाड्यावर ठेवलेल्या वस्तूवर नाही. अमर बोस यांच्या कंपनीने 1980 साली सक्रिय सस्पेन्शनवर काम सुरू केलं. 2004मध्ये विद्युत मोटरवर चालणारं सस्पेन्शन बसवलेली गाडी लोकांना दाखवली, पण ती बाजारात आली नाही. 2010मध्ये बाजारात आली ती त्याच विद्येवर उभी असलेली ट्रकचालकाची आसनव्यवस्था. चार चाकं सावरण्यापेक्षा एक माणूस सावरणं सोपं आणि स्वस्त.

आबा आता काठी घेऊन चालतात. परवा त्यांना म्हटलं, "आबा, गाडी न्हवं, तुमची खाट आकाशाला टांगायला हवी होती." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग टांग की कुणाची तरी."

यंदा विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून स्ट्रेचरच दिलं आहे.