विंगेतून दिसणारं संगीत नाटक

नाटक कंपनी गावात मुक्कामाला आली की तिच्याबरोबर एक अख्खं घर यायचं. बांबूला गुंडाळलेले रंगीत पडदे, पोशाखांच्या ट्रंका, तंबोरे, पायपेटी आणि आचाऱ्याची पातेली. मोठा वाडा भाड्यानं घ्यायचा, पंगती मांडायच्या, सकाळी पोरांची तालीम, रात्री खेळ. गाव कंटाळलं की सामान पुन्हा रेल्वेत! संगीत नाटकाची गाणी आपण आजही ऐकतो. हे फिरतं बिऱ्हाड मात्र विस्मरणात गेलं, म्हणून आज प्रेक्षागृहातून न जाता विंगेतून आत शिरू या.

सुरुवातच पाहा. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला तो फक्त चार अंकांचा. सातही अंक रंगमंचावर यायला पुढचं वर्ष उजाडलं. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकरी सांभाळून हा उद्योग करत होते, आणि पदं होती दोनशेच्या घरात! मायक्रोफोन नव्हताच. गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला तर नट, नाहीतर घरी.

आता पडद्यांकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे. राजवाड्याचा प्रवेश संपून अरण्याचा सुरू व्हायचा तर मधल्या वेळात सिंहासन हलवायचं कसं? उपाय साधा होता. पुढचा, रस्त्याचा पडदा सोडायचा आणि त्याच्यापुढे दोन पात्रांना बोलत उभं करायचं. प्रेक्षक त्यांच्या विनोदाला हसत असतात, तेवढ्यात मागे माणसं अनवाणी पायांनी अरण्य उभं करतात. जुन्या नाटकांत दोन भारी प्रवेशांच्या मधे एखादा हलकाफुलका प्रवेश हमखास का येतो, याचं अर्धं उत्तर सामान हलवणाऱ्यांच्या हातात होतं. नाटककाराला लिहितानाच त्यांचा विचार करावा लागे. मला तर ही माणसं सहलेखकच वाटतात.

आणि हे पडदे रंगवायचं कोण? कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ त्यात नावाजलेले. नाटक कंपन्या त्यांच्याकडून महाल, बागा, नद्या रंगवून घेत. कापडावरची नदी वाहत नाही, ही रुखरुख म्हणा की सिनेमाचं वेड, दोघं कॅमेरा बनवायच्या मागे लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी देशी कॅमेरा तयार केलाच, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. कोल्हापूरच्या सिनेमाची नाळ अशी नाटकाच्या पडद्याला जोडलेली आहे.

त्याच कोल्हापूरचे केशवराव भोसले. पोरवयातच कंपनीत आले, 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं गाजले आणि १९०८ मध्ये हुबळीला स्वतःची ललितकलादर्श काढली, तेव्हा वय अठराही पूर्ण नव्हतं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व, कारण टिळक स्वराज्य फंडाला मदत. एकमेकींच्या स्पर्धेतल्या दोन कंपन्यांचे मालक एकाच रंगपटातून बाहेर पडले, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा! तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वरानं गेले. कोल्हापुरातलं त्यांच्या नावाचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. त्या बातमीनं माझ्या पोटात आजही कालवतं.

केशवरावांमागे ललितकलादर्श थांबली नाही. १९२२ च्या 'सत्तेचे गुलाम'साठी पु. श्री. काळे यांनी गुंडाळी पडद्यांऐवजी भिंती-दारं असलेली खरीखुरी खोली उभी केली. पडदेवाल्यांचं काम सुतारांकडे सरकलं ते इथून.

बालगंधर्वांच्या कंपनीत अत्तराचा आणि शालू-पैठण्यांचा थाट असायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्त्रीभूमिकेतली त्यांची नेसण पाहून घरोघरी बायका तशा नेसू लागल्या. मला मात्र थक्क करतं ते साथीदारांचं दालन. सारंगीवर कादरबक्ष आणि पुढे तबल्यावर साक्षात अहमदजान थिरकवा! ज्यांना ऐकायला मैफली भराव्यात, ते रोज रात्री नाटकाला साथ करत होते. वर 'वन्स मोअर'चा पाऊस, म्हणजे प्रयोग कधी संपेल याचा नेम नाही. आचाऱ्यानं चूल कधी विझवावी?

या थाटाच्या आधीचं एक पान मन घट्ट करून वाचावं लागतं. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग झाला. भामिनी नटून-थटून बाहेर आली आणि गायली.

बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली ती १९१३ मध्ये. थोड्याच दिवसांत तिथे कोल्हापूरकडचा एक मुलगा दाखल झाला. छोटी-मोठी कामं करायची, मोठ्यांचं गाणं ऐकायचं आणि पडेल ते उचलायचं, असा त्याचा दिनक्रम. फार टिकला नाही, पुढे बाबूराव पेंटरांकडे गेला. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले तेव्हा दिग्दर्शक होता तोच मुलगा. १९३५ मध्ये 'धर्मात्मा'साठी बालगंधर्व कॅमेऱ्यासमोर एकनाथ म्हणून उभे राहिले, तेव्हाही कुठे उभं राहायचं ते त्यांना सांगत होता तोच, व्ही. शांताराम.